लडाकूंना पैसे म्हणजे खुन्यांना बक्षीस? ('सडेतोड' यांच्या लेखाला उत्तर)

उत्तरायण | शनिवार, रात्री १०:१२

परवा 'सडेतोड' यांनी नेपाळवर लेख टाकला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दहा वर्षं माणसं मारणाऱ्या माओवादी लडाकूंना सरकारने पाच ते आठ लाख रुपये देऊन घरी पाठवलं, ही मेलेल्यांची विटंबना आहे. बंदुका काढून घ्यायच्या, पुढाऱ्यांना आत टाकायचं, बाकीच्यांना घरी हाकलायचं, विषय संपला. खाली कौतुकाची रांग. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही.

"बंदुका काढून घ्यायच्या." कोणी? २००६ साली माओवादी हरले नव्हते आणि सरकारही हरलं नव्हतं. कुणालाच दुसऱ्याला संपवता येईना, म्हणून तर २१ नोव्हेंबर २००६ ला करार झाला. जिंकलेला हत्यारं काढून घेतो. बरोबरीत सुटलेल्या लढाईत ती मागावी लागतात, आणि मागणाऱ्याला बदल्यात काही द्यावं लागतं. म्हणून तिथल्या कागदांवर 'शरणागती' नाही, 'हतियार व्यवस्थापन' आहे. हत्यारं कंटेनरमध्ये बंद, किल्ली माओवाद्यांकडेच, पहारा संयुक्त राष्ट्रांचा. नेपाळी लष्करानेही तेवढीच हत्यारं तशीच कुलपात ठेवायची. लेखात या व्यवस्थेला पोरखेळ म्हटलंय. त्याच व्यवस्थेत एप्रिल २००८ ची संविधान सभेची निवडणूक पार पडली.

आणि "घरी हाकला, विषय संपला" हा प्रयोग जगात होऊन गेलाय. मे २००३ मध्ये इराकचं लष्कर अमेरिकेने नेमलेले तिथले प्रशासक ब्रेमर यांच्या एका आदेशाने बरखास्त झालं. लाखो शिकलेले सैनिक एका फटक्यात बिनपगारी घरी बसले. पुढची काही वर्षं इराकमध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. पैसे दिले याची नाही, शेवटी फक्त पैसेच दिले याची. २००७ च्या जानेवारीपासून माणसं छावण्यांत नोंदवली जात होती. ७ मुख्य छावण्या, २१ उपछावण्या. त्यांचं पुढे काय करायचं हे ठरलं १ नोव्हेंबर २०११ ला! जवळपास पाच वर्षं पोरं चितवनच्या, रोल्प्याच्या छावण्यांत सकाळी कवायत करून दिवसभर वाट बघत बसली. तिथे लग्नं झाली, मुलं झाली. शेवटी तीन पर्याय पुढे आले तेव्हा प्रशिक्षण आणि पुनर्वसनाचा पर्याय निवडला किती जणांनी? ६. सहा हजार नव्हे, सहा माणसांनी. लष्करात गेले चौदाशेच्या आसपास. उरलेल्या सुमारे १५,६०० जणांनी चेक घेतला आणि वाट धरली. पाच वर्षं ताटकळलेल्या माणसाला तुम्ही "आता तुला कौशल्य शिकवतो" म्हणालात तर तो चेकच मागणार.

माणूस छावणीत शिरतो त्याच दिवशी तो बाहेर पडून कुठे जाणार हे ठरलेलं हवं. हत्यारं मोजायला महिने लागतात, माणूस परत बसवायला वर्षं. नियोजन मात्र नेहमी उलटं होतं.

सडेतोड | शनिवार, रात्री ११:०५

माझं नाव शीर्षकात घातलंत, तर उत्तरही ऐका.

माझ्यासोबत सहा वर्षं एक नेपाळी सहकारी होता. त्याचे वडील डोंगरातल्या एका शाळेत शिक्षक. पक्षाला पगारातून वर्गणी द्यायचं नाकारलं म्हणून रात्री घरातून नेलं. सकाळी शाळेच्या वाटेवर सापडले. त्याच्या आईला सरकारची पहिली मदत मिळाली ती १ लाख रुपये. त्यासाठी शिफारसपत्रं, फोटो, जिल्ह्याच्या गावी सात फेऱ्या. ज्यांनी नेलं त्यांच्यातला एक जण पुढे छावणीतून सात लाखांचा चेक घेऊन गावात परतला. त्याने रस्त्याला लागून घर बांधलं. ती बाई रोज त्या घरावरून जाते.

आता मला सांगा, तिला 'बरोबरीत सुटलेली लढाई' कशी समजावून सांगू? सत्य आयोग निघाला २०१५ ला, करारानंतर आठ वर्षांनी. ६० हजारांच्या वर तक्रारी आल्या. त्यातून शिक्षा झालेला एक माणूस दाखवा. लडाकूंना मात्र महिन्याचा भत्ता, चेक, समारंभ. तुमच्या लेखात 'पीडित' हा शब्द एकदाही नाही, मी शोधला.

आकडेमोड | शनिवार, रात्री ११:४०

दोघेही भावनेत गेलात. आधी एक आकडा बघा. छावण्यांत नोंदवलेली हत्यारं ३,४७५ च्या आसपास. पडताळणीत लडाकू म्हणून पात्र ठरलेली माणसं १९,६०२. म्हणजे साडेपाच माणसांमागे एक हत्यार. ही कसली सेना? २००९ मध्ये शक्तिखोर छावणीतली ती चित्रफीत बाहेर आली. त्यात माओवाद्यांचे पुढारी खुद्द 'प्रचंड' आपल्या लोकांना सांगतायत की खरे लडाकू सात-आठ हजार होते, आपण फुगवून सांगितले. यावर चर्चा का नाही?

लायबेरियातही तेच. अंदाज ३८ हजारांचा, आले १ लाख ३ हजार. हत्यारं जमली सुमारे २८ हजार. नियम असा की बंदूक नसेल तर १५० गोळ्या आणल्या तरी नाव लागतं, आणि नाव लागलं की ३०० डॉलर. कमांडरांनी गोळ्या वाटल्या आणि आपली भावकी रांगेत उभी केली. जिथे यादी कमांडर करतो तिथे योजना कमांडरची होते. मी बारा वर्षं लाभार्थ्यांच्या याद्या तपासण्याचं काम केलंय. यादी खोटी असेल तर पुढचं सगळं खोटं.

उत्तरायण | रविवार, सकाळी ७:५०

@आकडेमोड, फुगवटा होता, मान्य. पण सेनेत प्रत्येकाच्या हातात बंदूक नसते. स्वयंपाक करणारे, जखमींना उचलणारे, निरोपे, रसद वाहणारे यांना तुम्ही कुठल्या रकान्यात टाकणार? इंडोनेशियातल्या आचेमध्ये २००५ च्या हेलसिंकी करारात आकडाच ठरवून टाकला: ३,००० माणसं, ८४० हत्यारं. चार टप्प्यांत काम उरकलं. पण नावांची यादी बंडखोरांनी दिली नाही आणि पैसे कमांडरांमार्फतच वाटले गेले. कुणाला किती पोचले यावरून पुढे कितीतरी भांडणं झाली. याद्यांचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण 'एक माणूस, एक बंदूक' हे त्यावरचं उत्तर नव्हे.

@सडेतोड, पीडित हा शब्द नाही, ही चूक माझी. नंतर ती मदत हप्त्याहप्त्याने १० लाखांपर्यंत नेली गेली, हेही नोंदवतो.

सडेतोड | रविवार, सकाळी ८:१५

हप्त्याहप्त्याने! लडाकूला एका वर्षात, विधवेला हप्त्याहप्त्याने. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

निवृत्त_सुभेदार | रविवार, सकाळी ९:३०

मी २००० साली सिएरा लिओनला होतो, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपली पलटण होती. मी दारूला. (गावाचं नाव आहे.) लिहिण्याची सवय नाही, समजून घ्या.

तुम्ही लोक पैशावर भांडताय. मी जे पाहिलं ते असं. लोमेचा करार १९९९ मध्ये झाला. त्यात बंडखोरांना सरसकट माफी, आणि फोडे सांकोला थेट खनिज आयोगाचं अध्यक्षपद, म्हणजे हिऱ्यांच्या खाणी. लोकांचे हात तोडणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या. वरच्यांचं असं भागलं, खालच्या पोराचं काय ते कुणी बघितलं नाही. मे २००० च्या सुरुवातीला मकेनीच्या छावणीत दहा जण आपणहून हत्यार टाकून आले. त्यांचे कमांडर दारात येऊन उभे राहिले, आमची माणसं परत द्या म्हणाले. मोहिमेच्या लोकांनी नकार दिला. तिथून पेटलं. काही दिवसांत पाचशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस. आमच्या दोन कंपन्या कैलाहूनला वेढ्यात अडकल्या, त्या जुलैच्या मध्यात ऑपरेशन खुकरीत बाहेर निघाल्या. अडीच महिने.

म्हणून सांगतो, ज्याने हत्यार टाकलं त्याला त्या रात्री कोण राखणार, हे पहिलं. पैसे नंतर.

आमच्या नाक्यावर एक पोरगा यायचा. तेरा-चौदाचा असेल. बंदूक त्याच्या खांद्याला लागायची. नाव विचारलं की टोळीतलं टोपणनाव सांगायचा. आईने ठेवलेलं नाव सांगायला त्याला तीन आठवडे लागले. त्याला खुनी म्हणा, मी अडवणार नाही. पण त्याला "घरी जा" म्हणालात तर तो कुठे जाईल? त्याच्या गावात त्यानेच आग लावली होती.

पाऊलवाट | रविवार, दुपारी १२:२०

सुभेदार काका, बरं झालं लिहिलंत.

तिथल्याच मुलींचं सांगते. सिएरा लिओनमध्ये एकूण ७२ हजारांवर माणसांनी हत्यारं खाली ठेवली, त्यात स्त्रिया पाच हजारही नाहीत. टोळ्यांमध्ये मुली कितीतरी जास्त होत्या, पण बंदूक घेऊन या, उघडून परत जोडून दाखवा, मग नाव लागेल. पळवून नेलेल्या, कमांडरची 'बायको' केलेल्या मुलीकडे बंदूक कुठली? ती योजनेत बसलीच नाही. @आकडेमोड, माणशी हत्याराचं तुमचं गणित लावलं की आधी गळतात त्या या मुली.

मी २०१० मध्ये नेपाळच्या तराईत एका संस्थेकडून 'अयोग्य' ठरलेल्यांच्या प्रशिक्षणावर होते. एकूण ४,००८ जण असे बाहेर काढले, त्यातले जवळपास तीन हजार वयामुळे. नियम असा: जन्म २५ मे १९८८ च्या आधीचा हवा. माझ्या वर्गातली एक मुलगी ऑगस्ट ८८ ची. तीन महिन्यांनी उशिरा जन्मली म्हणून अयोग्य. पंधराव्या वर्षी घरातून गेली, लढली, पायात छर्रे घेऊन आली. २०१० मध्ये तिला समारंभ करून छावणीबाहेर काढलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. हातात लाखांचा चेक नाही, शिवणकामाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि एक यंत्र. तिच्या बाजारात आधीच अकरा शिंपी होते. मला म्हणाली, "लढायला योग्य होते, घरी जायला अयोग्य झाले."

कोरा_कागद | रविवार, दुपारी १:०५

अनुभव हृदयद्रावक आहे, पण एक शंका. नेपाळीत 'अयोग्य' हा शब्द मराठीइतका जड असेल का? आपल्याकडे अयोग्य म्हणजे वागणूक वाईट, लायकी नाही. तिथे तो नुसता प्रशासकीय असू शकतो, आपल्या 'अपात्र'सारखा. अपात्रतेत निकषात बसत नाही एवढंच असतं, माणसावर शिक्का नसतो.

पाऊलवाट | रविवार, दुपारी १:३०

तितकाच जड आहे. त्या मुली आपसांत तो शब्द उच्चारायच्या नाहीत, बोटाने कागदाकडे दाखवायच्या. गावात लोक विचारायचे, "छावणीतून का काढलं, काय केलंस?" मुलीला असं विचारल्यावर त्याचा एकच अर्थ निघतो. खरं तर कायद्याने त्या पीडित होत्या, लहानपणी सैन्यात ओढलेल्या. ज्यांनी ओढलं ते 'योग्य', ज्यांना ओढलं त्या 'अयोग्य'.

सडेतोड | रविवार, दुपारी २:१०

शब्दांनी कुणी मरत नाही. माझ्या मित्राचे वडील गोळीने मेले. आणि ताई, ज्या संस्थांचे पगार या कार्यक्रमांवर चालतात त्यांना लडाकू नेहमी बिचारेच दिसणार.

पाऊलवाट | रविवार, दुपारी २:२५

माझा पगार काढू नका. महिन्याला जे मिळत होतं त्यातलं निम्मं त्या मुलींच्या बसभाड्यात गेलंय, कारण संस्थेने प्रवासखर्चाचा रकानाच ठेवला नव्हता. मी कुणाला बिचारं म्हटलेलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला बंदूक देणाऱ्याला शिक्षा व्हावी असं मलाही वाटतं, तुमच्यापेक्षा जास्तच. तुम्ही एका विधवेला ओळखता, मी चाळीस मुलींना ओळखते. माप लावायचं असेल तर सांगा.

निवृत्त_सुभेदार | रविवार, दुपारी २:५०

सडेतोड साहेब, पगाराचं बोलणं मागे घ्या. बाकी हवं ते भांडा.

सडेतोड | रविवार, दुपारी ३:४०

पगाराचं मागे घेतो. बाकीचं नाही.

कोरा_कागद | रविवार, दुपारी ४:००

शब्दांनी कुणी मरत नसेल, पण शब्दावर तह अडतात. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ ला करार झाला आणि आयआरए या सशस्त्र संघटनेची हत्यारं निकामी झाल्याचं देखरेख करणाऱ्या आयोगाचे प्रमुख जनरल डी शॅस्टलेन यांनी जाहीर केलं सप्टेंबर २००५ मध्ये. सात वर्षं. 'हत्यारं खाली ठेवली' म्हणायला ते तयार नव्हते, 'वापराबाहेर काढली' म्हणायला झाले. नेपाळमध्येही लष्करात घेण्याला 'भरती' नव्हे, 'समायोजन' म्हणतात. मराठीत आपण याला काय म्हणणार? सामावून घेणं? त्यात उपकाराचा वास येतो.

आकडेमोड | रविवार, सायंकाळी ५:१५

धागा निःशस्त्रीकरणावर होता, आता शब्दकोशावर आलाय. सात प्रतिसाद एका विशेषणावर! त्यापेक्षा याचं उत्तर द्या: हे कार्यक्रम उपयोगी पडतात याचा पुरावा काय? हम्फ्रीज आणि वाइनस्टाइन यांनी सिएरा लिओनमध्ये हजाराहून जास्त माजी लडाकूंना गाठून अभ्यास केला, तो २००७ मध्ये छापून आला. कार्यक्रमात गेलेले आणि न गेलेले यांच्यात फरक असल्याचा फारसा पुरावा सापडला नाही. मग एवढा खर्च कशासाठी?

सडेतोड | रविवार, सायंकाळी ५:३०

+१. हेच तर.

उत्तरायण | रविवार, रात्री ८:४५

तो अभ्यास मीही वाचलाय, पुढचं पान का सोडलंत? कुणाला गाव परत घेतं आणि कुणाला नाही, हे सगळ्यात जास्त कशावर ठरलं? तो ज्या तुकडीत होता तिने लोकांवर किती अत्याचार केले यावर. अत्याचारी तुकडीतल्या माणसाला गाव उभं करत नाही, मग तुम्ही त्याला सुतारकाम शिकवा की गवंडीकाम.

सडेतोड | रविवार, रात्री ९:००

म्हणजे गावाला चेकशी देणंघेणं नाही, कुणी काय केलं याच्याशी आहे. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय. तुम्ही दोन दिवस आणि हजार शब्द घालवून माझ्याच दारात आलात.

उत्तरायण | रविवार, रात्री ९:४०

त्या एका मुद्द्यावर आलो, खरं आहे. पटतंय ते सांगतो: न्यायाचं काम 'नंतर बघू' म्हणून ठेवणं ही नेपाळची सगळ्यात मोठी चूक. मी ती लेखात लिहायला हवी होती.

पण तुमचं "पुढाऱ्यांना आत टाका" अजूनही पटत नाही. कोलंबियाने २०१६ च्या करारात दोन्ही कामं एकत्र लावायचा प्रयत्न केला. फार्क या बंडखोर संघटनेची ८,९९४ हत्यारं संयुक्त राष्ट्रांनी ताब्यात घेतली. माणसांना दोन वर्षं किमान वेतनाच्या ९० टक्के भत्ता. आणि त्याच करारात वेगळं न्यायाधिकरण: कबूल करा, खरं सांगा, तर शिक्षा सौम्य, लपवलंत तर तुरुंग. तरी लोकांनी सार्वमतात करार आधी नाकारलाच, अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. का? तुमच्यासारखंच वाटलं म्हणून. आणि करार झाल्यापासून हत्यार खाली ठेवलेल्या चारशेवर माणसांचे खून झालेत. सुभेदार म्हणाले तेच, त्या रात्री राखणार कोण. २०१९ मध्ये इवान मार्केझसारखा वाटाघाटीतला माणूसच पुन्हा जंगलात गेला. मला हे आदर्श म्हणून सांगायचं नाही. एवढंच की चेक आणि कोर्ट यांतलं एकच निवडायचं असं नसतं.

सडेतोड | रविवार, रात्री १०:२०

कोलंबियाचं वाचतो. तोवर माझी एकच अट लिहून ठेवा. लडाकूचा चेक आणि त्या विधवेचा चेक एकाच दिवशी, एकाच रकमेचा. ती सात फेऱ्या मारणार असेल तर त्यानेही माराव्यात. हे योजनेत पहिल्या पानावर असेल तर तुमच्या भत्त्याला माझा विरोध नाही. उत्साह नाही, पण विरोध नाही.

निवृत्त_सुभेदार | रविवार, रात्री १०:३५

हे मला पटलं.

आकडेमोड | रविवार, रात्री ११:००

एकाच दिवशी देणार, ठीक. पण यादी कुणाची? पुन्हा कमांडरची? वय कसं तपासणार? पाऊलवाट ताई, तुमच्या त्या ऑगस्ट ८८ वाल्या मुलीची तारीख कुठल्या कागदावरून धरली होती?

पाऊलवाट | सोमवार, सकाळी ६:४०

कागद नव्हताच. घरातून निघाली तेव्हा तिची नागरिकता (नागरिकत्वाचा दाखला) निघालेली नव्हती, शाळेचा दाखला जळलेला. पडताळणीला आलेल्यांनी मुलाखतीत विचारलं, तिने आईने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं: भदौ (भाद्रपद) लागायच्या आधी, मोठा भूकंप झाला त्याच पावसात. त्यावरून त्यांनी ऑगस्ट ८८ धरलं. तिच्याच तुकडीतली मैत्रीण तिच्यापेक्षा वर्षाने लहान होती. तिने वय दोन वर्षं वाढवून सांगितलं. ती पात्र ठरली, आणखी दोन वर्षं छावणीत राहिली आणि २०१२ मध्ये पाच लाख घेऊन निघाली. जाताना हिच्याकडूनच ब्लाउज शिवून घेतले.